फिलिपिन्सच्या धानपट्ट्यात चार दिवस

धानाचा चुरणा झाला की आपल्याकडे अर्धा डांबरी रस्ता धानाने झाकला जातो आणि उरलेल्या अर्ध्यातून गाडीवाले बडबड करत निघतात. हा प्रकार फक्त आपल्या भंडारा-गोंदियाचाच, असे मी समजत होतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये फिलिपिन्सच्या नुएवा एसिहा प्रांतात गेलो, तर तिथेही तेच! उलट तिथे बास्केटबॉलचे सिमेंटचे मैदानसुद्धा धानाने भरलेले होते. पोरे कडेला चेंडू घेऊन बसली होती, धान कधी भरतात याची वाट पाहत.

जाण्याचे निमित्त प्रशिक्षणाचे होते. मनिलाच्या दक्षिणेला लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० साली स्थापन झालेली. १९६६ मध्ये आयआर-८ वाण इथूनच निघाले आणि आयआर-३६, आयआर-६४ हेही इथलेच. प्रशिक्षणात एक मित्र जोडला गेला. तो तिथल्या नगरपालिकेचा कृषी कर्मचारी. त्यांच्याकडे १९९१ च्या कायद्याने कृषी विस्ताराचे काम केंद्राकडून काढून स्थानिक संस्थांकडे दिले. म्हणजे नगराध्यक्ष बदलला की याचा साहेब बदलतो. या विषयावर आम्ही दोघे अर्धा तास बोललो. ते इथे लिहीत नाही. प्रशिक्षण संपल्यावर तो म्हणाला, "चल, चार दिवस घरी चल. खरा धान तिथे आहे."

त्याचे गाव मनिलाहून उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटर, मुन्योस शहराजवळ. गावाला ते बारांगाय म्हणतात आणि सरपंचाला कॅप्टन. दारात पोचलो तर पंधरा-वीस माणसे. कोण कोणाचे, हे समजायला मला दोन दिवस लागले. मित्र मला "ही आते" म्हणून ओळख करून देई आणि मी त्या बाईला त्याची आत्या समजून वाकून नमस्कार करी. बाई माझ्याच वयाची. शेवटी कळले की त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात आणि मोठ्या भावाला कुया. मित्र माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून तोही माझा कुया झाला. लहान पोरे मोठ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावतात, हा त्यांचा नमस्कार. आणि मोठ्यांशी बोलताना वाक्यात "पो" घालायचा, आपण "हो जी", "नाही जी" म्हणतो तसाच. घरात धानाला वेगळा शब्द, तांदळाला वेगळा आणि शिजलेल्या भाताला वेगळा. अशा लोकांत परके वाटत नाही.

जेवणात तिन्ही वेळा भात. सोबत सुकी मासोळी, चिंचेचे आंबट कालवण आणि कोंबडीच्या रश्श्यात मुनग्याचा पाला. मुनग्याला ते मालुंगाय म्हणतात. आपण शेंगा खातो आणि पाला बकरीला टाकतो. तिथे बाळंतिणीला दूध यावे म्हणून हाच पाला आवर्जून देतात.

घराची मालकीण म्हणजे मित्राची आई. तिला सगळे नानाय म्हणतात, मीही म्हणू लागलो. वय सत्तरीच्या आसपास. दीड हेक्टर धान तिच्या नावावर. ही जमीन तिच्या नवऱ्याला कशी मिळाली, तो भाग आपल्या कुळकायद्यासारखाच आहे. नुएवा एसिहा म्हणजे मोठ्या जमीनदारांचा मुलूख. पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या बटईने जमीन कसणारी माणसे. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये हुकूम निघाला की धान आणि मक्याची जमीन कसणाऱ्या कुळाला ती हप्त्याने विकत मिळेल आणि जमीनदाराने सात हेक्टर ठेवावी. पुढे १९८८ च्या कायद्याने सर्व पिकांच्या जमिनी त्यात आल्या. हप्ते मात्र लाखो लोकांचे थकले. २०२३ मध्ये कायदा करून सहा लाखांवर शेतकऱ्यांचे सुमारे ५७ अब्ज पेसोंचे जमिनीचे कर्ज माफ झाले. त्याआधी २०१८ मध्ये आठ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याची पाणीपट्टी माफ झाली होती. नानायचा सातबारा, म्हणजे तसा त्यांचा जो कागद असतो तो, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला. तो तिने मला दोनदा दाखवला.

आता तुम्ही म्हणाल, कर्ज माफ, पाणी माफ, मग दुखणे कोणते? दुखणे भावाचे. २०१९ मध्ये परदेशी तांदळावरची परिमाणाची बंधने उठवून ३५ टक्के आयात शुल्क ठेवले. त्या हंगामात धानाचे भाव कोसळले. २०२४ च्या मध्यात शुल्क १५ टक्क्यांवर आणले. आम्ही होतो त्या महिन्यात सरकारी खरेदीचा दर वाळलेल्या, स्वच्छ धानाला किलोला २३ ते ३० पेसो केला होता; पेसो म्हणजे तेव्हा साधारण दीड रुपया. पण त्या दराला १४ टक्के ओलावा हवा. आपल्या केंद्रावर १७ चालतो, तरी आपण भांडतो! हार्वेस्टरने कापलेला धान ओला निघतो. ज्याच्याकडे मैदानावर जागा नाही, तो तसाच व्यापाऱ्याला घालतो आणि व्यापारी लावेल तो भाव घेतो.

म्हणून त्या घरात धान पोटाला आणि पैसा बाहेरून, असा हिशेब आहे. एक मुलगा जहाजावर. एक मुलगी दुबईत. चुलत घरातली सून हाँगकाँगमध्ये घरकामाला. २०२३ या एका वर्षात फिलिपिनो माणसांनी परदेशातून ३३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी धाडली. प्रत्येक घरात मोठे खोके येते, त्यात साबण, टॉवेल, चॉकलेट, बूट. नानायच्या भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत. त्यातल्या दोघांना तिने अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

तिसऱ्या रात्री जेवणानंतर सगळे अंगणात बसले. मित्राच्या बहिणीची मुलगी, वय बावीस, तैवानच्या कारखान्यात जाणार होती. तपासणी, कागद, एजन्सीचा खर्च, सगळे मिळून रक्कम मोठी. ती कशी उभी करायची, तर जमीन "सांगला" टाकून. सांगला म्हणजे आपले कबजेगहाण. रोख रक्कम घ्यायची आणि जमीन देणाऱ्याच्या ताब्यात द्यायची. व्याज नाही, पीक हेच व्याज. मुद्दल फिटेपर्यंत तो कसतो. नाव कागदावर नानायचेच राहते, कारण अशी वाटपाची जमीन सहज विकता येत नाही. आपल्याकडे वर्ग दोनच्या जमिनीचे असेच आतल्या आत व्यवहार होतात, हे तलाठी-ग्रामसेवकांना मी सांगायला नको.

पैसे देणारा मात्र कोणी सावकार नव्हता. चुलतभाऊच, हाँगकाँगच्या सुनेचा नवरा. त्याच सुनेच्या पगारातून माझ्या मित्राचे कॉलेजचे शिक्षण झालेले. त्यामुळे कोणी काही स्पष्ट बोलेना. उपकार मानण्याला त्यांच्याकडे एक मोठा शब्द आहे, उतांग ना लोओब, म्हणजे मनातले देणे. ते कधी फिटत नाही. मुदत किती, विचारायची सोय नाही. लिहून घ्यायची तर त्याहून नाही. "घरच्या घरात कागद कशाला?" हे वाक्य चुलतभाऊ त्याच्या भाषेत बोलला आणि मित्राने मला इंग्रजीत सांगितले, पण मला ते मराठीतच ऐकू आले.

नानाय गप्प होती. कारण मला दुसऱ्या दिवशी कळले. तिचे माहेर जुने पांताबांगान. तिथे पाम्पांगा नदीवर धरण बांधले आणि १९७० च्या दशकात गाव पाण्याखाली गेले. २०२४ चा उन्हाळा भीषण होता, शाळासुद्धा उन्हामुळे बंद ठेवाव्या लागल्या. जलाशय आटला आणि जुन्या गावाची चर्च, थडगी, पायऱ्या वर आल्या. लोक बघायला गर्दी करत होते. आम्हीही गेलो. नानाय भेगाळलेल्या गाळातून छत्री घेऊन चालली आणि एका दगडी जोत्याजवळ थांबली. "हे आमचे शेजारी," एवढेच म्हणाली. आपले घर तिला सापडले नाही. गोसीखुर्दमध्ये ज्यांची गावे गेली, त्यांना हे समजेल. त्या धरणाच्याच पाण्यावर तिच्या नवऱ्याची जमीन भिजते, हा भाग वेगळा.

परतताना तिने मला सरळ विचारले, "तुमच्याकडे काय करतात जी?" मी म्हटले, "नानाय, आमच्याकडे अशीच पुष्कळ जमीन गेली. सावकाराने बेकायदा हडपलेली जमीन परत मिळवण्यासाठी आमच्या राज्यात २०१४ चा कायदा आहे, पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराचा अर्ज जिल्हा निबंधकाकडे करता येतो. पण समोर भाऊच असला तर अर्ज कोण करणार? म्हणून आधीच लिहा. सगळी जमीन देऊ नका आणि मुदत टाका." पाहुण्याने इतके बोलावे की नाही, मला तेव्हाही कळले नाही आणि आताही नाही. मित्र गाडीच्या खिडकीबाहेर बघत होता.

त्या रात्री नानायने निर्णय सांगितला. फक्त कालव्याच्या वरची अर्धा हेक्टर बांधी. तीन वर्षे. कॅप्टनसमोर लिहून. चुलतभाऊ उठून घरी गेला, पण सकाळी सहीला आला. येताना फणस घेऊन आला.

निघताना नानायने मला धानाची पुरचुंडी दिली. बियाणे परवान्याशिवाय देशात आणता येत नाही, कीड-रोग येतात, हे मीच तुम्हाला शिकवत असतो, म्हणून ती मला परत करावी लागली. तिला ते आवडले नाही.

पोरगी तैवानला गेली. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्सवर महिनाभरात एकामागून एक सहा वादळे आली, आणि चुलतभावाने उशिरा लावलेला त्या बांधीतला उभा धान आडवा झाला. आता तो म्हणतो, पीक हेच व्याज होते, ते बुडाले, तर मुदत एक वर्षाने वाढवा. कागदात वादळाचे काही लिहिले नव्हते. मीही सुचवले नव्हते. मित्राने मला विचारले आहे की तुमच्याकडे अशा वेळी काय करतात. त्याला काय उत्तर लिहावे, यावर वाचकांपैकी कोणाचा अनुभव असेल तर जरूर कळवावा.