छपरावरच्या सळया

इंदूरला खजराना गणपतीच्या दर्शनाला आलेला माणूस देवळात जातो, नाहरशाह वलींच्या दर्ग्याला आलेला दर्ग्यात. पण त्यांच्या मागच्या गल्ल्यांत शिरून कधी मान वर करून बघा. कितीतरी गच्च्यांच्या कोपऱ्यांतून लोखंडी सळया आभाळाकडे निघालेल्या दिसतात. स्लॅब पडला, भिंतींना रंग लागला, खाली किराण्याचं दुकान चालू झालं, तरी सळया तशाच. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. पैसे जमले की पुढच्या मजल्याचे खांब त्यांनाच जोडून वर न्यायचे असतात. परवडणारी भाड्याची खोली शहरात जन्माला येते ती इथे.

हे किती नवलाचं आहे ते कळायला थोडा हिशेब करावा लागतो. आपल्याकडे घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्केच वर्षाचं भाडं मिळतं. म्हणजे 50 लाखांच्या फ्लॅटला महिन्याला 10,000 रुपयांच्या आसपास. तेवढीच रक्कम साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतली, तर महिन्याचं नुसतं व्याज 35,000 च्या वर जातं. या हिशेबानं कोणताही बिल्डर मजुराला, शिंप्याला, नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलाला भाड्यानं द्यायला इमारत उभी करणार नाही. तरीही अशी माणसं शहरात राहतात, रोज नव्यानं येतात आणि त्यांना खोली मिळते. कशी?

कारण ती खोली बांधणाऱ्यानं हा हिशेबच बदललेला असतो. जमीन वाडवडिलांची किंवा स्वस्ताईत घेतलेली. आधी खालच्या दोन खोल्या, तिथे स्वतःचा संसार. मग बचत, भिशी, बायकोचे दागिने, आणि वर एक खोली. तिचं भाडं साठवून शेजारी दुसरी. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, बँकेचा हप्ता नाही किंवा अगदी लहान. म्हणून भाडं कमी ठेवता येतं. मला यात सगळ्यांत विलक्षण वाटतो तो भाडेकरू. वरच्या मजल्याला पैसा पुरवणारा तोच असतो, आणि शहराच्या कुठल्याही कागदावर त्याची तशी नोंद नसते.

घर असं हळूहळू, ऐपतीप्रमाणे वाढतं, हे ज्यानं नीट ओळखलं तो वास्तुकार पुण्यात जन्मलेला. बाळकृष्ण दोशी. खजरान्यापासून काही किलोमीटरवर, इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी 1980 च्या दशकात ‘अरण्य’ वसाहत आखली. सुमारे 85 हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास घरं, त्यांतली बहुतेक अगदी गरिबांसाठी. सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम पावणेचारशे चौरस फूट. त्यावर पूर्ण घर बांधून दिलंच नाही! दिला तो जोता, संडास-न्हाणी, पाणी आणि वीज. बाकीचं घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं आणि आपल्या सवडीनं वाढवायचं. नमुना म्हणून दोशींनी 80 घरं बांधून दाखवली: पुढे ओटा, आणि वर चढायला बाहेरून जिना. या जिन्याचं महत्त्व भाड्यानं राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मालकाच्या स्वयंपाकघरातून न जाता आपल्या खोलीत जाता येणं ही केवढी मोठी सोय! मोठे भूखंड चढ्या भावानं विकून त्या नफ्यातून लहान भूखंडांचा भार हलका केला गेला. 1995 मध्ये अरण्यला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये दोशींना वास्तुकलेचाच प्रित्झकर, भारतातला पहिलाच.

अरण्यच्याही खूप आधी, 1918 मध्ये, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, राहत्या घरांना सांभाळून हळूहळू सुधारा, असा त्यांचा आग्रह. प्लेगनं गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, आणि ती न्यायची ठरवली लोकांनी झाडून-डागडुजी करून ठेवलेल्या गल्ल्यांतून.

आता पुन्हा भाड्याच्या खोलीकडे. भाड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते, पाणी. इंदूरच्या नळाला येणारी नर्मदा सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, चारशे मीटरांहून जास्त उंची चढवून आणली जाते. चौथ्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीतही ती पोचते, टाकीतून, मोटार लावून. म्हणून खोली बघायला जाल तेव्हा भाड्याइतकंच पाण्याबद्दलही विचारा: नळ कधी येतो, मोटार कोण लावतं, सब-मीटरचं युनिट कितीला. आणि करारनामा 11 महिन्यांचाच का, असा प्रश्न पडला तर उत्तर 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे: एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून सगळे एक महिना अलीकडे थांबतात.

शहराच्या पूर्व बाजूला, कनाडियाला, केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पात 1,024 घरं उभी राहिली. कारखान्यात तयार झालेले भिंतींचे पॅनेल पोलादी सांगाड्यात बसवून, वीट न रचता. अशी घरंही हवीतच. पण त्या इमारतींवर कुणाला एक खोली वाढवता येणार नाही. तेव्हा पुढची योजना आखताना विकास प्राधिकरणानं निम्मे तरी भूखंड अरण्यसारखे द्यावेत: नळ, गटार, पक्का पाया, आणि वरचा मजला चढवून तो भाड्यानं द्यायची लेखी परवानगी.