विषाचा प्याला आणि दोन हात

तैलरंग शिकायचे तर केळी, संत्री आणि पितळेचा तांब्या यांच्यापासून आरंभ करावा, असा शिरस्ता आहे. तांब्याची तीन चित्रे झाल्यावर मी मास्तरांना म्हटले, "आता माणसे काढू द्या." मास्तरांनी झाक-लुई दाविद याच्या 'सॉक्रेटिसचा मृत्यू' या चित्राची मोठी छापील प्रत माझ्यापुढे टाकली. "घ्या, डझनभर माणसे आहेत. करा नक्कल!"

'नक्कल' हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. पण पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ साली खुले झाले तेव्हापासून चित्रकार तिथे घोडी मांडून जुन्या चित्रांच्या नकला करीत आले आहेत. अट एवढीच, की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नसावी.

दाविदने हे चित्र १७८७ साली रंगवले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मूळ कॅनव्हास सुमारे १३० बाय १९६ सेंटिमीटर, म्हणून मी एक तृतीयांश मापाचा घेतला. प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्या संख्येचे चौकोन आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेलो. मग नुसत्या तपकिरी रंगात सारे छायाप्रकाश. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला हवा, वरच्या थरांत जवसाचे तेल वाढत जायचे. उलटे केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि रंगाला भेगा पडतात. एक थर वाळायला आठवडाही लागतो. तैलरंग शिकताना पहिला धडा थांबण्याचाच असतो!

चित्रातला प्रसंग इसवी सनापूर्वी ३९९ मधला. सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस तुरुंगातल्या पलंगावर ताठ बसून बोलतो आहे. डावा हात वर, एक बोट आभाळाकडे. उजवा हात प्याल्याकडे गेलेला. पण त्याचे तिकडे लक्षच नाही. प्याला देणारा तांबड्या वस्त्रातला तरुण तोंड फिरवून डोळे झाकतो आहे. हात आणि प्याला यांच्यात थोडी मोकळी जागा आहे. बोटे जरा खाली आली की प्याला पकडल्यासारखा दिसे, जरा वर गेली की नाकारल्यासारखा! त्या बोटभर जागेवर माझा पाऊण महिना गेला. शेवटी घरातून आवाज आला, "अहो, त्या बिचाऱ्याला एकदाचं पिऊ तरी द्या!"

पण मला खरे खिळवले ते पलंगाच्या पायथ्याशी, सगळ्यांकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्याने. हा प्लेटो. गंमत अशी, की त्या दिवशी प्लेटो तिथे नव्हताच. आजारी होता, असे त्याच्याच ग्रंथात आहे. शिवाय तेव्हा तो जेमतेम तिशीचा! दाविदला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्याचे वस्त्र रंगवायला घेतले तेव्हा सॉक्रेटिसच्या वस्त्रासाठी घोटलेला पांढरा रंग तिथे चालेना. काळा आणि किंचित पिवळी माती मिसळून करडा केला, तेव्हा जमले. इतर सारे रडताहेत, हात पसरताहेत. हा एकटा मान खाली घालून स्वस्थ. मला वाटते, मागचा सगळा देखावा या म्हाताऱ्याच्या आठवणीतला आहे. छापील प्रत नुसती पाहून हे माझ्या कधी ध्यानात आले नसते. करडा रंग घोटावा लागला म्हणून आले.

दाविदने सही दोन ठिकाणी केली आहे. प्लेटोच्या आसनाखाली नुसती आद्याक्षरे आणि उजवीकडे, म्हाताऱ्या क्रिटोच्या बैठकीवर, नाव. क्रिटोने गुरूची मांडी घट्ट धरली आहे. त्या दोन्ही जागा मी कोऱ्या ठेवल्या. कॅनव्हासच्या मागे मात्र 'दाविदवरून' असे लिहून खाली तारीख घातली, आणि मास्तरांकडे नेण्यासाठी चित्र वाळत ठेवले.