सुगंधी तेलाच्या लेबलावरील बारीक अक्षरे

दिवाळीच्या उटण्यासाठी, घरी केलेल्या साबणासाठी किंवा नाताळच्या मेणबत्त्यांसाठी सुगंधी तेलाची बाटली विकत घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक बहुधा एकच परीक्षा करते. बूच उघडते आणि वास घेते. वास मनास आला की 'मोगरा' किंवा 'चंदन' हा मोठ्या अक्षरांतील शब्द वाचून व्यवहार पुरा होतो. खाली बारीक टाइपात छापलेला मजकूर सहसा इंग्रजीत असतो, त्यात आकडे व अनोळखी नावे असतात, आणि म्हणून तो कोणी वाचत नाही. वस्तुतः मोठ्या अक्षरांतील शब्द वास कशासारखा आहे एवढेच सांगतो. आत काय आहे, आणि ते कातडीस लावावयाचे की केवळ मेणात मिसळावयाचे, हे बारीक अक्षरांकडूनच कळते. हा भेद न पाहता मेणबत्तीसाठी आणलेले तेल तान्ह्या मुलाच्या अंगास लावावयाच्या तेलात मिसळले गेले, तर त्याचा त्रास त्या मुलाला होतो.

नाव आणि वस्तू यांची फारकत आजची नाही. निमाडच्या व खानदेशच्या रानांत रोशा नावाचे गवत उगवते. त्याच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो. हे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने इस्तंबूलकडे जाई, तेथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई, आणि युरोपच्या बाजारात ते 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणून ओळखले जाई. ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. इंदूरच्या दक्षिणेस पिकलेले ते साधे गवत होते! मात्र ही फसवणूक साधली, तिच्या मुळाशी एक रासायनिक सत्य आहे. गुलाब आणि रोशा या दोहोंत जिरॅनिऑल नावाचे एकच द्रव्य असते. लेबलावर आज हेच नाव बारीक अक्षरांत आढळते.

मोगऱ्याचे उदाहरण घ्यावे. या फुलातून निव्वळ तेल मिळते ते इतके थोडे, की कनौजचे कारागीर तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवितात. अन्यत्र फुले द्रावकात बुडवून त्यांचा अर्क काढला जातो आणि त्याला 'अ‍ॅब्सोल्यूट' म्हणतात. वनस्पतीतून वाफेच्या साह्याने किंवा साल दाबून निघालेले तेल म्हणजे 'एसेन्शियल ऑइल'. साध्या दुकानात स्वस्तात मिळणारा मोगरा यांपैकी काहीच नसून तो 'फ्रॅग्रन्स ऑइल' असतो, म्हणजे अनेक सुगंधी द्रव्ये मोजून मापून एकत्र केलेले मिश्रण. त्यात गैर असे काही नाही. कस्तुरीच्या बाबतीत तर कृत्रिम असणे हेच इष्ट, कारण कस्तुरीमृगाला भारतात १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तर १८७४ मध्येच जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले होते.

कृत्रिम ते घातक आणि नैसर्गिक ते निर्दोष, ही समजूत मात्र सोडावयास हवी. दालचिनीच्या सालीचे तेल पूर्णतः नैसर्गिक आहे, आणि कातडीला चटका देण्यात फार थोडी तेले त्याची बरोबरी करतील. लिंबाची साल दाबून काढलेले तेल अंगास लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. हेच तेल वाफेने काढले असेल, तर हा दोष त्यात येत नाही. 'शंभर टक्के शुद्ध' या शब्दांना म्हणूनच फारसे वजन देऊ नये.

मिश्रणात सुगंधाखेरीज ते पातळ करणारा द्रावही असतो. डायप्रोपिलीन ग्लायकॉल हा त्यांतील एक आणि डायएथिल थॅलेट हा दुसरा. अगरबत्तीच्या धंद्यात दुसरा विशेष परिचयाचा आहे. 'थॅलेट-फ्री' असे लेबलावर असले, तर या वर्गातील द्रव त्यात नाहीत एवढाच त्याचा अर्थ. द्रावाचे प्रमाण किती, हे मात्र बहुधा कोणी छापत नाही. अतिस्वस्त बाटलीचा वास दोन दिवसांत विरतो, त्याचे एक कारण गिऱ्हाइकाने द्रावाचेच पैसे मोजलेले असतात हे होय.

आता सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे वळावे. तो शब्द म्हणजे 'इफ्रा'. सुगंधद्रव्यांच्या उत्पादकांची ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. कोणते द्रव्य कोणत्या वस्तूत जास्तीत जास्त किती वापरावे, याच्या मर्यादा ती ठरविते. यासाठी वस्तूंचे बारा वर्ग केलेले आहेत. ओठांस लावावयाच्या वस्तू पहिल्या वर्गात येतात. अंगास लावून तशीच ठेवावयाची तेले व लोशने पाचव्यात, साबण व शाम्पू यांसारख्या धुऊन टाकावयाच्या वस्तू नवव्यात, आणि मेणबत्तीसारख्या कातडीशी संबंध न येणाऱ्या वस्तू बाराव्यात. तान्ह्या मुलांची तेले व पावडरी यांना पाचव्यातच निराळा उपवर्ग आहे. बाटलीसोबत मागितल्यास मिळणाऱ्या 'इफ्रा प्रमाणपत्रा'त त्या तेलाचे प्रत्येक वर्गासाठीचे कमाल प्रमाण लिहिलेले असते. समजा, एखाद्या तेलापुढे पाचव्या वर्गात १ टक्का, नवव्यात ५ टक्के व बाराव्यात १०० टक्के असे आकडे आहेत. तर एक किलो लोशनमध्ये ते १० ग्रॅमपेक्षा अधिक पडता कामा नये, आणि एक किलो साबणात ५० ग्रॅमपर्यंत चालेल. बाराव्या वर्गातील १०० चा अर्थ मेणाऐवजी तेलच जाळावे असा नाही, तेथे कातडीच्या दृष्टीने मर्यादा नाही एवढेच त्यातून समजावे. हे आकडे शिफारशीचे नसून कमाल मर्यादेचे आहेत. दोन तेले एकत्र केली, तर दोघांतही एकच मर्यादित द्रव्य असू शकते. म्हणून प्रत्येकाची पूर्ण मर्यादा गाठणे धोक्याचे. आणि मोजमाप थेंबांनी न करता वजनाने करावे, कारण दाट तेलाचा थेंब आणि पातळ तेलाचा थेंब सारखे भरत नाहीत.

एवढी कडक मोजदाद कशासाठी, असे कोणी विचारील. सुगंधी द्रव्यांची अॅलर्जी पहिल्या दिवशी दिसत नाही, हे तिचे उत्तर. काही द्रव्यांची शरीराशी पुन्हा पुन्हा, अधिक प्रमाणात गाठ पडली की शरीर त्यांना शत्रू मानू लागते. तोवर बाहेरून काहीच जाणवत नाही. एकदा हे वैर जडले की ते बहुधा जन्मभर टिकते, आणि पुढे त्या द्रव्याचा अंश असलेला साबण वापरला तरी पुरळ व खाज सुटते. 'आम्ही वर्षभर वापरतो, काही झाले नाही' ही साक्ष म्हणूनच पुरेशी ठरत नाही.

अशा द्रव्यांची नावे युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलावर छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्का आणि धुऊन टाकावयाच्या वस्तूत ०.०१ टक्का यांपेक्षा अधिक असल्यास ती लपवून चालत नाही. आरंभी ही यादी २६ नावांची होती, २०२३ मध्ये ती ऐंशीच्या पुढे नेण्यात आली. नावे परकी वाटली तरी वस्तू घरच्याच आहेत. लिनालूल धण्यांत असते, युजेनॉल लवंगेत, सिट्रल गवती चहात, लिमोनीन संत्र्याच्या सालीत. नावापुढे कधी ७८-७०-६ असा आडव्या रेघांचा आकडा दिसतो. तो त्या द्रव्याचा नोंदणी क्रमांक होय. व्यापारी नाव काहीही असो, हा क्रमांक बदलत नाही, आणि हा विशिष्ट आकडा लिनालूलचा आहे. 'लिलियल' या नावापुढे मात्र थांबावे. या द्रव्याला मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे.

मेणबत्ती करणाऱ्यास 'फ्लॅश पॉइंट' हा शब्द घाबरवितो. ज्या उष्णतामानावर तेलाची वाफ ज्योत जवळ येताच भपकन पेट घेते, तो हा बिंदू. त्याहून गरम मेणात तेल घातले तर वास उडून जातो, ही समजूत चुकीची आहे, कारण त्या आकड्याचा वासाच्या टिकाऊपणाशी संबंध नाही. त्याचा संबंध साठवणुकीशी व वाहतुकीशी आहे. अर्थात उघड्या चुलीशेजारी मेणात तेल मिसळू नये, हे सांगावयास नकोच. 'फ्रॅग्रन्स लोड' म्हणजे मेणात घालावयाच्या तेलाचे प्रमाण. सोया मेणासाठी ते साधारणतः ६ ते १० टक्के धरतात. मेण पचवू शकेल त्याहून अधिक तेल घातल्यास ते पृष्ठभागावर पाझरते आणि वात काजळी धरते.

साबणवाल्याने 'व्हॅनिलिन' या शब्दापुढील टक्केवारी पाहावी. ती जितकी अधिक, तितका पांढरा साबण काही दिवसांत तपकिरी पडतो. हा डाग तेलाचा दोष नव्हे, व्हॅनिलिनचा धर्मच तो आहे. लवंग-दालचिनीच्या वर्गातील व काही फुलांच्या वासांची तेले कॉस्टिक सोड्याच्या साबणात घालताच मिश्रण क्षणार्धात घट्ट होते, आणि साच्यात ओतण्यापूर्वीच ते पातेल्यात बसते. तेल नवीन असेल, तेव्हा अर्धा किलोचाच घाणा करून पाहणे शहाणपणाचे.

एक तारीख मात्र लेबलावर छापलेली नसते, ती म्हणजे बाटली फोडल्याची. ती खरेदीदाराने स्वतः पेन्सिलीने लिहावयाची असते. लिनालूल व लिमोनीन हवेशी संयोग पावतात तेव्हा त्यांपासून जी नवी द्रव्ये निर्माण होतात, ती मूळ द्रव्यांपेक्षा कातडीस कितीतरी अधिक त्रासदायक असतात. अर्धी रिकामी, खिडकीच्या उन्हात ठेवलेली बाटली म्हणूनच भरलेल्या बाटलीपेक्षा अधिक संशयास्पद. उरलेले तेल लहान, गडद रंगाच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड जागी ठेवावे. मोठ्या डब्यातून काढून बिनलेबलाच्या बाटलीत विकलेले तेल असेल, तर त्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत ते उटण्यात किंवा साबणात घालू नये.