पोरांची पारख आणि कॉलेजांची ओढाताण

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू येतो. आज ज्या फुटबॉलविषयी बोलायचे आहे तो खेळ निराळा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे, नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्या अकराजणांनी अंगावर येऊन चेंडूवाल्याला लोळवायचे. थोडी कुस्ती, थोडा हुतूतू आणि पुष्कळशी रेटारेटी, असा हा मामला आहे.

रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत १८६९ साली जो सामना झाला, तिथून कॉलेजांच्या या खेळाची सुरुवात धरतात. आज एकेका विद्यापीठाच्या मैदानात लाखभर माणूस बसतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात तर लाखाहूनही जास्त. एवढी माणसे जमतात, तेव्हा हरणे कुणालाच परवडत नाही.

पण कॉलेजच्या संघाची एक मोठी अडचण आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत शिकून बाहेर पडतो. कितीही गुणी खेळाडू असो, त्याला धरून ठेवता येत नाही. म्हणजे दरसाल संघाचा एक हिस्सा रिकामा होणार आणि तो नव्या पोरांनी भरावा लागणार. म्हणून प्रशिक्षक वर्षभर हायस्कुले पालथी घालतात. शुक्रवारी रात्री शाळांचे सामने पाहतात, पोराच्या घरी जातात, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून गोड बोलतात. हातात देण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती. फी, राहणे, जेवण, पुस्तके असा सगळा खर्च केवळ खेळाच्या जोरावर देण्याची मोकळीक तेथील कॉलेज-क्रीडामंडळाने १९५६ साली दिली. त्याआधी हे चालत नव्हते असे मात्र समजू नका. कॉलेजे खेळाडूंना चोरून पैसे देतात, हे कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने १९२९ सालीच चव्हाट्यावर आणले होते.

आता प्रश्न असा, की दोन हाडवैरी कॉलेजांपैकी यंदा कोणी चांगली पोरे मिळवली, हे ठरवायचे कसे? पोरे तर अजून मैदानात उतरलेलीही नसतात.

यासाठी पारखी लोकांनी ताऱ्यांची पद्धत काढली आहे. ते पोराचा वेग, उंची, वजन, खेळाच्या चित्रफिती पाहतात आणि त्याला दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पाच तारे देशभरातून दरसाल जेमतेम तीस-पस्तीस पोरांना. मग त्यांच्या गुणांची बेरीज करून कॉलेजांचा क्रम लावतात. शिक्षकबंधूंच्या ध्यानात यातली मेख लगेच येईल. समजा, एका कॉलेजाने २८ पोरे घेतली आणि सरासरी गुण ८६ पडले. दुसऱ्याने १८ च घेतली, पण सरासरी ९१. नुसती बेरीज केली तर पहिल्याचे २४०८ आणि दुसऱ्याचे १६३८. पहिला जिंकला म्हणायचे का? म्हणून काही यादीवाले वरच्या पोरांचे गुण जास्त धरतात आणि खालच्यांचे नावापुरते. तरीसुद्धा बेरजेबरोबर सरासरीही पाहावी, हे बरे. आणि कोणत्या जागेसाठी पोर घेतले तेही पाहावे. चेंडू फेकणारे चौघे घेतले आणि त्यांना राखणारे धिप्पाड गडी घेतलेच नाहीत, तर तारे कितीही असोत, फेकणारा पहिल्याच रेट्याला आडवा होतो.

आणखी एक खोड आहे. एखाद्या पोराला नावाजलेल्या कॉलेजाने बोलावले, की पारख्याचाही त्याच्यावर विश्वास बसतो आणि तारा वाढतो. मग लोक म्हणतात, बघा, मोठ्या कॉलेजाला तारेवाली पोरे मिळतात! बाजारात एकाने खोंडाच्या पाठीवर हात टाकला की दहाजण जमतात, त्यातलाच हा प्रकार.

पण म्हणून ही मोजदाद फोल आहे असे मला वाटत नाही. २०११ ते २०२४ या हंगामांत देशाचे अजिंक्यपद ज्या ज्या कॉलेजाने मिळवले, त्याने मागच्या चार वर्षांत घेतलेल्या पोरांपैकी निम्म्याहून अधिक चार-पाच ताऱ्यांची होती. घाऊक हिशेबाला तारे खरे ठरतात. एकेका पोराच्या बाबतीत मात्र चकवतात.

अलाबामा राज्यातले उदाहरण घेऊ. तिथे अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न विद्यापीठ यांचे वैर १८९३ पासूनचे. मध्यंतरी १९०७ नंतर चाळीस वर्षे दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९४८ साली पुन्हा सुरुवात झाली. तिथे भाऊ एका बाजूला आणि भावजय दुसऱ्या बाजूला, अशी घरे आहेत. राज्य एक, हायस्कुले तीच, म्हणजे एकाला मिळालेले पोर दुसऱ्याने गमावलेले.

आणि तरी या दोघांनीही कित्येक वर्षे राज्यातली निम्मी गुणवत्ता पाहायचेच नाकारले होते. काळ्या वर्णाच्या पोरांना तिथे जागा नव्हती. ती पोरे उत्तरेकडे, पश्चिमेकडे, नाहीतर ग्रॅम्ब्लिंगसारख्या काळ्यांच्या कॉलेजांत जात. ऑबर्नने १९६९ साली जेम्स ओवेन्स याला शिष्यवृत्ती दिली, अलाबामाने १९७० साली विल्बर जॅक्सनला. त्या वेळच्या नियमाने पहिल्या वर्षाच्या पोराला मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणून १९७० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाहून आलेल्या संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२–२१ असे लोळवले, तेव्हा विल्बर जॅक्सन मैदानाबाहेरच होता. पाहुण्यांतला सॅम कनिंगहॅम नावाचा काळा जवान एकटा १३५ यार्ड धावला. आपण कुणाला दाराबाहेर ठेवले आहे, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

त्या वेळी बर्मिंगहॅमजवळच्या बेसेमर गावात बो जॅक्सन नावाचे एक काळे पोर सात वर्षांचे होते. दहा भावंडांतले आठवे, आई लोकांच्या घरची कामे करणारी. पुढे हायस्कुलात त्याचा वेग आणि ताकद पाहून दोन्ही विद्यापीठे मागे लागली. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट म्हणजे तिकडचे दैवत. पण त्यांच्या एका साहाय्यकाने पोराला सांगितले म्हणतात, की तिसऱ्या वर्षापर्यंत तुला मुख्य संघात जागा मिळणे कठीण. बो ऑबर्नला गेला. तिथले प्रशिक्षक पॅट डाय पूर्वी ब्रायंट यांच्याच हाताखाली काम केलेले! न्यूयॉर्कच्या धंदेवाईक बेसबॉल संघानेही त्याला निवडले होते. तो पैसा सोडून त्याने कॉलेज धरले.

ऑबर्न १९७३ पासून सलग नऊ वर्षे अलाबामाकडून हरत आले होते. १९८२ च्या नोव्हेंबरात अडीचएक मिनिटे उरली असताना बोने पडलेल्या गड्यांच्या ढिगावरून उडी घेतली आणि चेंडू रेषेपलीकडे नेला. ऑबर्न २३, अलाबामा २२. पुढे १९८५ साली तो देशातला सर्वोत्तम कॉलेज-खेळाडू ठरला.

पूर्वी श्रीमंत कॉलेजे आपल्याला नको असलेली पोरेसुद्धा, दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून, ओढून ठेवीत. त्यावर १९७३ साली १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आली. ती पुढे ९५ वर आणि १९९० नंतरच्या दशकात ८५ वर उतरली. आता पुन्हा सारा डाव बदलला आहे. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे मिळवता येतात आणि कॉलेज बदलले तरी वर्षभर बसून राहावे लागत नाही. २०२५ पासून कॉलेजेही थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे नव्या पोरांबरोबर दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांचीही वेगळी यादी करावी लागते. गेल्या वर्षीचा हिशेब यंदा पुरत नाही.

आणि यादीत नसलेल्यांचे काय? कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या लहानशा गावात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन. हायस्कूल संपले तेव्हा अंगाने किरकोळ. मोठ्या कॉलेजांपैकी एकानेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो जवळच्या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात गेला, तिथे उंची वाढली, अंग भरले. मग त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना आपणहून पत्रे धाडली. वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. २०१८ साली धंदेवाईक संघांच्या निवडीत त्याचा क्रमांक सातवा लागला, आणि २०२४ च्या हंगामात त्या साऱ्या धंदेवाईक खेळाडूंत तो पहिला ठरला.