एला, लुई आणि एक दिवस
इअरफोन लावा. आधी येतो एक मऊ, स्वच्छ आवाज. मग खडीवरून बैलगाडी जावी तसा दुसरा. हे दोघं एकत्र गाणार कसे, असं वाटेपर्यंत आपण गालातल्या गालात हसायला लागलेलो असतो.

एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग! १९४६पासूनची त्यांची ड्युएट्स २०१८मध्ये ‘चीक टू चीक’ या चार सीडींच्या संचात पुन्हा एकत्र आली. त्यात अर्धवट थांबलेले टेकही आहेत. पण संचाचा जीव म्हणजे १९५६चा ‘एला अँड लुई’. १६ ऑगस्टला हॉलिवूडच्या स्टुडिओत एकाच दिवसात ११ गाणी! साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. बस्स.

निर्माता होता नॉर्मन ग्रांझ. गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं बसवणाऱ्या सभागृहात तो कार्यक्रमच करत नसे. १९५५मध्ये ह्यूस्टनला त्यानं सगळ्यांना एकत्र बसवलं, तर पोलिसांनी जुगाराचं निमित्त करून थेट ड्रेसिंग रूममधून एलाला पकडून नेलं. त्यानंतर वर्ष पूर्ण व्हायच्या आत ही गाणी झाली. कडवटपणा शोधा, सापडणार नाही. दोघं एकमेकांना जागा देत, थट्टा करत गातात.

शफल बंद करा आणि ‘दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी’पासून सुरुवात करा. गाणं प्रेमाचं आहे. पण ह्यूस्टनची गोष्ट कळल्यावर ‘हे माझ्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही’ हे शब्द वेगळेच ऐकू येतात.