पाहिजे, लागेल, असेल : इंग्रजी मॉडल्स आणि आपली मराठी

इंग्रजीत मॉडल व्हर्ब फार थोडी आहेत. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही मुख्य नऊ. नियमही सोपे आहेत. यांना 'एस' लागत नाही, यांच्यानंतर 'टू' येत नाही आणि पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. म्हणून 'शी कॅन सिंग्ज' चूक, 'आय मस्ट टू गो' चूक, आणि 'कॅन एबल टू' तर दुप्पट चूक, कारण एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. एवढं कुठल्याही गाइडमध्ये मिळतं आणि एका दुपारी पाठ होतं.

तरी आमच्या अशोका गार्डनमध्ये, जिथे एकाच गल्लीत मराठी, हिंदी आणि मल्याळी ऐकू येते, चांगले मार्क मिळवणारी मुलंसुद्धा नेमकी इथेच अडखळतात. मला वाटतं अडचण नियमांत नाहीच. इंग्रजी जे काम एका छोट्या शब्दाकडून करून घेते, ते मराठी क्रियापदाच्या शेपटाकडून आणि कर्त्याच्या विभक्तीकडून करून घेते. त्यामुळे शब्दाला शब्द लावायला गेलं की गाडी रुळावरून घसरते.

'मला जावं लागतं' हे वाक्य घ्या. इथे 'मी' नाही, 'मला' आहे. सक्ती बाहेरून येते आणि माझ्यावर येऊन पडते, असं मराठी मांडते. इंग्रजीत मात्र सक्ती असो, परवानगी असो की कुवत, 'आय' आपल्या जागेवरून हलत नाही: आय मस्ट, आय मे, आय कॅन. आणि परवानगी मागताना तर मराठीला मदतीचा शब्दही लागत नाही. 'येऊ का?' झालं! त्या दोन शब्दांत 'मे आय कम इन' पूर्ण मावतं. (वर्गाच्या दारात 'कॅन आय' म्हटलं म्हणून मुलांना बाहेर उभं करण्यात काही अर्थ नाही. आजच्या इंग्रजीत दोन्ही चालतं, 'मे' जरा जास्त अदबीचं, एवढंच.) शुभेच्छेचा 'मे' मराठीत 'ओ'कारात जातो: देव तुझं भलं करो, सुखी असो. प्रार्थना म्हणणाऱ्यांना हे रूप वेगळं शिकवावं लागत नाही.

'शुड' आणि 'मस्ट' यांचा घोळ सगळ्यात मोठा. दोन्हींसाठी आपण 'पाहिजे' म्हणतो. पण नीट ऐकलं तर फरक आपणही करतो, फक्त एका अक्षराने. 'औषध घ्यायला पाहिजे' हा सल्ला, म्हणजे शुड. 'औषध घ्यायलाच पाहिजे' म्हणजे मस्ट. हा 'च' इंग्रजीत नेता येत नाही, म्हणून तिथे क्रियापद बदलावं लागतं. भोपाळमध्ये यात हिंदीची भर पडते. हिंदी 'जाना चाहिए' बहुतेक वेळा सल्ल्यापुरतं थांबतं, सक्तीसाठी 'जाना पड़ेगा' असतं. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या मुलाला 'पाहिजे' आणि 'चाहिए' एकाच वजनाचे वाटतात, आणि त्याच्या इंग्रजीतला मस्ट हळूच शुड होऊन जातो.

नकारात तर जपूनच राहावं. 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई, घेऊ नये. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे घ्यायची गरज नाही, घेतलं तरी हरकत नाही. आपण दोन्हीकडे सहज 'नको' म्हणून मोकळे होतो: 'ही गोळी आता नको.' थांबली तरी चालेल म्हणून नको, की घेतली तर त्रास होईल म्हणून नको? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीतली चिठ्ठी वाचून दाखवणाऱ्या नातवाला हा फरक कळलाच पाहिजे. च सकट.

'कुड'चीही एक खोच आहे. 'मी पास होऊ शकलो' म्हटलं की मी पास झालो, विषय संपला. इंग्रजीत 'आय कुड पास' म्हटलं तर तसं होत नाही. कुड भूतकाळातली कुवत सांगतो, एका प्रसंगी मिळालेलं यश नाही. त्यासाठी 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. नकारात मात्र 'कुडन्ट' बिनधास्त वापरा.

आता अंदाज. 'बाबा कुठे आहेत?' 'दुकानात असतील.' हे रूप भविष्यकाळाचं, पण बोलणं आत्ताचं. मराठीत भविष्यकाळाचं रूप अंदाजाचं काम करतं, आणि त्याच्या पायऱ्याही आहेत: कदाचित असतील, असतील, असणार, असणारच. इंग्रजीत साधारण याच चढणीवर माइट, मे आणि मस्ट उभे आहेत. मस्टची ही दुसरी बाजू विसरली जाते. 'ही मस्ट गो' म्हणजे त्याला गेलंच पाहिजे, पण 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे तो गेला असणार. 'त्याला जावं लागलं' हवं असेल तर 'ही हॅड टू गो'.

कायद्याच्या भाषेत हे छोटे शब्द मोठे होतात. संविधानाच्या अनुच्छेद 3 मध्ये संसद कायद्याने नवं राज्य बनवू शकते, असं 'मे' वापरून म्हटलं आहे. 'मे' म्हणजे अधिकार, बंधन नव्हे. त्या अधिकारातून झालेल्या राज्य पुनर्रचनेत 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या राज्याची राजधानी असलेल्या नागपूरहून कितीतरी मराठी सरकारी नोकर कुटुंबासकट इकडे आले. भोपाळमधल्या बऱ्याच मराठी घरांचा पत्ता त्या एका 'मे'ला धरून आहे.

आणि भोपाळमध्ये राहून 'शुड हॅव' आणि 'कुड हॅव' शिकायचं तर 1984 ला टाळून चालत नाही. 2 आणि 3 डिसेंबरच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेलाच नव्हता. या साध्या भूतकाळातल्या गोष्टी आहेत. यंत्रणा सुरू असायला हवी होती, हा 'शुड हॅव बीन': कर्तव्य होतं, पाळलं गेलं नाही. दुर्घटना टळू शकली असती, हा 'कुड हॅव बीन': शक्यता होती, हातची गेली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 1982 पासूनच धोक्याबद्दल लिहिलं होतं. म्हणून लोक म्हणतात, त्यांना माहीत असणारच. हा 'मस्ट हॅव नोन', पुराव्यावरून काढलेला अंदाज.

न्यायालयात मात्र अंदाज आणि कर्तव्य वेगवेगळे मोजले जातात. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304 च्या दुसऱ्या भागात, आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो हे आरोपीला माहीत होतं, असं दाखवावं लागायचं. तिथे मॉडल नव्हतं, नुसतं 'न्यू'. शिक्षा 10 वर्षांपर्यंत होती. कलम 304-अ हे हयगयीचं होतं: काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही. म्हणजे शुड हॅव. तिथे जास्तीत जास्त 2 वर्षं होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप पहिल्यावरून दुसऱ्यावर आणला. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि 2 वर्षांची शिक्षा दिली.