बीअरची टाकी आणि आपला तोडलेला ऊस



इडलीचे पीठ रात्रीतून फुगते. बिलोली-धर्माबादकडची सिंदीची नीरा पहाटे गोड असते आणि ऊन चढले की फेसाळते. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात राहिला की त्याला आंबूस वास येतो. या तिन्हींमागे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आहेत. त्यांना ताब्यात ठेवले तर ते कमाई देतात, मोकळे सोडले तर नुकसान करतात.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला कामानिमित्त गेलो असता पुण्यातील एक लहान बीअर कारखाना पाहण्याचा योग आला. अशा कारखान्यांना मायक्रोब्रुअरी म्हणतात. पुण्यात 2009 साली सुरू झालेली ‘डूलाली’ ही आपल्या राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. बीअर तिथेच तयार होते आणि शेजारच्या दालनात नळातून गिऱ्हाइकाला मिळते. हा पिण्याचा प्रचार नव्हे. दारूने किती घरे बसली हे आपण गावोगाव पाहतोच. घेण्यासारखी आहे ती तिथली शिस्त.

बीअर कशी होते?

बार्ली म्हणजे सातू. त्याला मोड आणून वाळवतात, भरडतात आणि साधारण 65 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. त्यात पिठाची साखर होते. हे गोड पाणी गाळून, हॉप्सची कडवट फुले घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आठ-पंधरा दिवसांत बीअर होते.

आसवनीत मळीवर काम करते तेही यीस्टच. तिथे आंबवण दीड दिवसात उरकते, मग ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल वेगळा काढतात. एक टन मळीतून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल निघतो. तो निर्जल केला की पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल झाले.

बीअर करणाऱ्याचा निम्मा वेळ टाक्या, नळ्या, झडपा धुण्यात जातो. कारण गोड पाण्यावर नको ते जंतूही टपलेले असतात. फ्रान्समध्ये लिल गावी 1856 साली बिटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊ लागल्या. त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल पेशी आणि बिघडलेल्या टाकीत बारीक काडीसारखे जंतू दिसले.

आपल्या फडात काय होते?

तोडलेला ऊस ही उघडी टाकीच समजा. कोयता लागला की उसातल्याच इन्व्हर्टेज नावाच्या विकरामुळे साखरेचे रूपांतर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये होऊ लागते. त्याचे दाणे पडत नाहीत. तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू शिरतात आणि साखरेचा बुळबुळीत डेक्स्ट्रान करतात. त्याने रस चिकट होतो, गाळणी तुंबते, दाणा नीट बनत नाही. जळालेल्या उसात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात हे फार झपाट्याने होते. शिवाय पाणी उडून वजन घटते, तो तोटा सरळ शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

बीअरवाला साखर खाऊ घालून माल मिळवतो. आपली साखर मात्र जंतू फुकट खातात.

2025-26 हंगामासाठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये ठरली. त्यावर उतारा 0.1 टक्का वाढला की टनाला 34 रुपये 60 पैसे जादा. हा उतारा साऱ्या कारखान्याच्या सरासरीचा असतो. एकाचा शिळा ऊस सगळ्यांच्या दरात तोंड घालतो.

सभासदांनी एवढे करावे

1. तोडणी चिठ्ठी हातात आल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. वाहन येईल तेवढाच ऊस तोडावा.
2. तोडल्यापासून 24 तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा. मुकादमाला आधीच तसे बजावावे.
3. ऊस जमिनीलगत तोडावा. वाढे, पाचट, माती मोळीत जाऊ देऊ नये.
4. ऊस पेटवून तोडू नये. अपघाताने पेटलाच तर त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे.
5. वाहन अडकले तर मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात.

यात कुठलाही खर्च नाही. वर्षभर पाणी-खत घालून साखर शेतात पिकते. तिची राखण तोडणीनंतरच्या पहिल्या दिवसातच करायची असते.

— ऊस विकास अधिकारी